पान्ह्याच्या आधी

अशी कल्पना करा की तुम्ही शिक्षक आहात. औरंगपुऱ्यात वह्या-पेनांच्या दुकानावरची एक खोली हा तुमचा वर्ग. खाली रिक्षांचे हॉर्न, वर कुरकुरणारा पंखा आणि मधोमध गोणपाटावर बसलेली एक तपकिरी कुत्री. समोर तुमचे विद्यार्थी: कुणी पाळीव प्राण्यांच्या दुकानात काम करतं, कुणी वाळूजच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळून घरची जनावरं बघतं. या सगळ्यांना त्या कुत्रीबद्दल बोलायला शिकवायचं आहे. अट एकच. 'घाबरली', 'चिडली', 'लाडात आली', 'हट्टी आहे' असलं काही म्हणायचं नाही. डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, नाकाला कळतं, तेवढंच सांगायचं.

आता बोला पहिलं वाक्य.

"कुत्री शांत बसली आहे," असं तुमच्या मनात आलं असेल तर तुम्ही नापास. मीही झालो होतो.

"शांत कुठं दिसलं तुला? बोटानं दाखव," आमच्या शिक्षिका सुलेखा मॅडम म्हणाल्या. मी मोठ्या विश्वासानं बोट वर केलं आणि ते कुठं न्यायचं तेच मला कळेना. वर्ग हसला.

"कान मागं गेलेत," मॅडमच सांगू लागल्या. "तोंड मिटलेलं. खायला समोर काही नाही, तरी सारखी ओठ चाटतेय. अंगाचा भार मागच्या पायांवर. आता सांग, हिच्या डोक्यावरून हात फिरवायला जाशील?"

नसतो गेलो. पण मघाशी, ती 'शांत' असताना, नक्की गेलो असतो. मी शिकलो इन्स्ट्रुमेंटेशन. सेन्सर काय दाखवतो आणि आपण त्यावरून काय समजतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कॉलेजात कितीतरी वेळा सांगितलं होतं. ते पहिल्यांदा डोक्यात शिरलं ते या कुत्रीमुळं.

सुलेखा खरात यांचा हा कोर्स प्राण्यांचं वागणं आणि त्यांची निगा शिकवतो. गंमत अशी की त्यांच्या घरी लहानपणी मांजरसुद्धा नव्हतं. वडील महापालिकेत, भीमनगरला दोन खोल्या, पाच माणसं. "मांजर आलं असतं तर आमच्यातल्या कुणाला तरी बाहेर झोपावं लागलं असतं," असं त्या सांगतात. मुलीनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं वडिलांना वाटायचं. मुलगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून जखमी कुत्र्यांच्या एका दवाखान्यात लागली आणि तिथल्या मदतनिसांना शिकवायचं काम तिच्या गळ्यात पडलं.

पहिला वर्ग त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून घेतला. कान असे असले की भीती, शेपूट अशी असली की राग. लेखी परीक्षेत सगळे उत्तम पास झाले आणि त्याच आठवड्यात वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाला कुत्रा चावला. त्याला चित्रं पाठ होती. पण समोरच्या कुत्र्याविषयी त्याचं मत आधीच बनलं होतं, त्यामुळं त्यानं कान बघितलेच नाहीत. मॅडमनी चित्रं काढून टाकली. तेव्हापासून त्या नावं आणि अर्थ सगळ्यात शेवटी शिकवतात. आधी महिनाभर नुसतं बघणं.

त्या महिन्यातच एक दिवस शिवराज उठून उभा राहिला. शिवराज वाळूजला प्रेसशॉपमध्ये होता. सुट्टी मिळाली की पाचोडजवळच्या वस्तीवर, आपल्या घरी जायचा.

"मॅडम, आमची म्हैस पान्हा चोरती."

"चोरताना बघितलंस?"

वर्ग पुन्हा हसला. पण शिवराज हसला नाही.

"माय बसली की दूधच सोडत नाही. कास तटतटून भरलेली असती, सड कोरडे. आधी आजी धार काढायची, तव्हा भरभरून द्यायची. आजी घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, ती खाटेवर. आता माय काढायला बसती तर जेमतेम तळ झाकतो बादलीचा. आण्णा म्हणतेत, आटणारच आहे तर आटायच्या आत विकून टाकू. पाचोडच्या बाजारात."

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो डॉक्टरांचा. डॉक्टर येऊन गेले होते. कासेचा आजार नव्हता, ताप नव्हता, चारापाणी ठीक होतं. रेडकू पहिल्याच आठवड्यात दगावलं होतं, पण त्यानंतरही आजीच्या हाताला म्हैस दूध देत होती. मग कुणीतरी शेजाऱ्यानं पान्हा सोडवायच्या सुईचा, म्हणजे इंजेक्शनचा, रस्ता सुचवला होता.

"डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुई नाही. रोज तर अजिबातच नाही," मॅडम एकदम कडक झाल्या. मग त्यांचा चेहरा असा उजळला की कुणी त्यांना सणाचं आवतण दिलं असावं. "अरे यार, शिवराज! हे तर फार भारी आहे! कधी जायचं?"

*

पहिल्या खेपेला आम्ही सगळा वर्ग घेऊन गेलो, आणि ती खेप पूर्ण वाया गेली.

चंद्री ही कपाळावर पांढरा टिळा असलेली म्हैस होती, आणि ती गव्हाणीशी मान ताठ करून उभी होती. वर्गाला आता बघायची सवय लागली होती. मोनिका नावाची, पाळीव प्राण्यांच्या दुकानात काम करणारी मुलगी हळू आवाजात सांगू लागली, "रवंथ बंद आहे. नाकपुड्या मोठ्या. सारखं फुरफुरतेय."

मॅडमनी हवा हुंगली. "वास कसला?"

शिवराजची आई कडूबाई कौतुकानं पुढं आली. "फिनेल टाकलं, मॅडम. शहरातली माणसं येणार, गोठ्याला वास नको म्हणून. पहाटपासून धुतला."

मॅडम कपाळाला हात लावून इतक्या मोठ्यानं हसल्या की कडूबाईंनाही हसू आलं. तेवढ्यात शिवराजचे वडील, सांडूभाऊ, चहाची किटली घेऊन आले.

"मॅडम, एक इचारू का? म्हैस पाळलीय का कधी तुम्ही?"

"नाही, भाऊ."

"गाय?"

"नाही."

"शेळी तरी?"

"कोंबडीपण नाही."

सांडूभाऊंनी मुलाकडं पाहिलं. "अन् हिच्याकडं तू शिकायला जातो व्हय?"

"म्हणून तर मला सगळं विचारावं लागतं," मॅडम म्हणाल्या. "म्हशीबद्दल मला जास्त माहीत नाही. कसं बघायचं ते थोडं माहीत आहे."

सांडूभाऊ वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं, "येत्या बाजारापर्यंत बघा काय बघायचं ते. त्या दिवशी जर दूध आलं नाय, तर मी दावं सोडणार. रिकामी म्हैस उभी करायची आमची ताकद नाय."

ओसरीतल्या खाटेवरून द्वारकाबाई, म्हणजे शिवराजची आजी, ओरडल्या, "सोड की! मला बी सोड बाजारात तिच्यासंगं! मी बी रिकामीच हाये!"

सांडूभाऊ चहा ओतत राहिले.

त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना प्रश्न विचारले. द्वारकाबाई धार काढताना काय करायच्या? त्यांनी सांगितलं: पाण्यानं कास धुवायची, तेलाचं बोट सडांना लावायचं, खायला आंबोण समोर ठेवायचं, "ये माय ये" म्हणायचं. कडूबाई तेच सगळं करत होत्या. अगदी तेच. त्यांनी सासूचं जुनं लुगडं नेसूनही बघितलं होतं, शिवराजनं आजीचा आवाज मोबाइलमध्ये भरून म्हशीच्या कानाशी वाजवला होता. "म्हैस मोबाइल चाटायला लागली," असं त्यानं सांगितलं.

परतीच्या वाटेवर आम्ही सगळे पडलेल्या चेहऱ्यानं बसलो होतो. मॅडम मात्र खिडकीबाहेर बघत स्वतःशीच पुटपुटत होत्या. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्या एकदम वळल्या.

"चुकलंच! आपण त्यांना विचारलं, धार काढताना काय करता. त्यांनी धार काढतानाचंच सांगितलं. माणसासाठी धार काढायचं काम कधी सुरू होतं? म्हशीखाली बसल्यावर. पण म्हशीसाठी कधी सुरू होत असेल?"

गाडीतले सगळे एकदम बोलायला लागले.

*

दुसऱ्या खेपेला आम्ही तिघंच गेलो: मॅडम, मोनिका आणि मी. शिवराज घरी होताच. बाजार दुसऱ्या दिवशी होता, म्हणून मुक्कामाच्या तयारीनं आलो होतो.

मॅडम गोठ्याकडं फिरकल्यासुद्धा नाहीत. त्या थेट ओसरीत गेल्या.

"आजी, आज सांगायचं नाही. करून दाखवायचं. पहाटे उठल्यापासून."

"उठता येत नाय म्हणून तर हे सगळं होऊन बसलं की, पोरी."

"खाटेवर बसूनच. नुसत्या हातांनी." मग मॅडम खाली जमिनीवर, भिंतीकडं तोंड करून बसल्या. "हे बघा, ही गव्हाण. मी चंद्री. मला तुम्ही दिसत नाही, नुसत्या ऐकू येता. चला."

द्वारकाबाई खो खो हसल्या. "आगं बया! एवढी शिकलेली बाई आन म्हैस झाली!"

"पांढरा टिळा तेवढा लावा, मॅडम," शिवराज म्हणाला.

"म्हैस बोलत नसते," भिंतीकडून उत्तर आलं. "आजी, सुरू करा."

द्वारकाबाईंनी पांघरूण बाजूला केल्यासारखं केलं. केस बांधले. काठी टेकत आल्यासारखे हात हलवले. गोठ्याच्या दारातल्या दगडावर टेकल्या, म्हणजे खाटेवरच जरा पुढं सरकल्या. मग त्यांचा हात कमरेशी गेला. तिथं काही सापडलं नाही, तसा तो उशाशी गेला, तिथली औषधाची डबी उचलली आणि नखानं तिच्या झाकणावर वाजवलं. टक टक. टक टक.

"थांबा!" मॅडमनी डोळे मिटूनच विचारलं. "हे काय वाजलं?"

"काय नाय."

"आजी, काहीतरी वाजलं."

द्वारकाबाईंनी सुनेकडं पाहिलं. कडूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "आत्याबाई! डॉक्टरनं नको म्हणलंय ना?"

"लावली कुठं मी? हात गेला सवयीनं!"

"मिसरी," शिवराजनं आम्हाला सांगितलं. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड. आजी रोज पहाटे गोठ्याच्या दारात बसून ती दातांना लावायची. दवाखान्यात ती बंद करायला सांगितली, आणि कडूबाईंनी मिसरीची डबी माळ्यावर लपवून टाकली. सासूला आठवण नको म्हणून घरात ते नावही कुणी काढत नव्हतं.

"धार काढायच्या आधी लावायच्या?" मॅडम आता उठून उभ्या राहिल्या होत्या.

"मंग? मिसरी लावल्याबिगर हात चालत्यात का? पूड खाली बसावी म्हणून आधी डबी ठोकायची. मंग निवांत बसायचं, जरा उजाडोस्तोर. चूळ भरायची आन बादली घ्यायची."

"रोज?"

"लगीन होऊन आले तव्हापासून रोज. ह्या चंद्रीच्या आजीच्या वक्ताला बी."

मॅडमनी आमच्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे असे चमकत होते की मला वाटलं, आता या उडी मारणार. "बघा! आजींचं काम बादलीपासून सुरू होतं. चंद्रीचं या टकटकीपासून! तिची कास तेव्हापासून तयार होत असेल. आणि आता काय होतं? कडूताई चुलीपाशी धावतात, तिथून गोठ्यात, आणि बसल्या की लगेच सडाला हात. म्हशीच्या बाजूनं बघितलं तर मधलं सगळं गाळलेलंच आहे."

"मी मिसरी लावणार नाय," कडूबाईंनी लगेच जाहीर केलं. "म्हैस जाऊ नायतर राहू. आधीच सांगते."

"नकोच! मला वास नकोय, आवाज हवाय."

डबी माळ्यावरून उतरली. मॅडमनी ती राखेनं घासायला लावली, उन्हात वाळवली आणि आत मिसरीऐवजी थोडी कोरडी वाळू घातली. मग द्वारकाबाईंच्या खाटेपाशी तालीम सुरू झाली. सून डबी ठोके, सासू मान हलवे.

"अशी नाय. तू दार वाजवू राहिली. मऊ हातानं."

"अशी?"

"आता तू पापड मोडती."

"तुम्हीच सांगा मग, आत्याबाई!"

"मनगट ढिलं सोड. आन घाई करू नको. तुझी नेहमीचीच घाई हाये बघ, ह्या घरात आली तव्हापासून."

कडूबाईंनी डबी खाली ठेवली. "घाई नाय केली तर भाकरी कोण करणार? रानात कोण जाणार?" त्या सासूला बोलल्या, पण बघत होत्या सांडूभाऊंकडं. सांडूभाऊ उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं द्वारकाबाईंनीच सुनेचा हात धरला आणि तिचं बोट आपल्या बोटानं डबीवर ठेवून दाखवलं. असं.

*

बाजाराच्या दिवशी, अजून नीट उजाडलं नव्हतं, तेव्हा आम्ही सगळे भिंतीआड उभे होतो. फक्त मोनिकाला गोठ्याच्या फटीतून बघायची परवानगी होती. जे दिसेल ते हळू बोलायचं, अर्थ लावायचा नाही. सांडूभाऊंनी अंगात धुतलेला सदरा घातला होता, बाजारासाठी. खांद्यावर दावं होतं.

कडूबाई दगडावर येऊन बसल्या.

टक टक. टक टक.

"उजवा कान मागं वळला," मोनिका कुजबुजली. "आता दोन्ही. रवंथ थांबलं."

मी मनात सेकंद मोजत होतो. कंपनीत नवं मशीन पहिल्यांदा चालू करताना मोजतो, तसे. मॅडमनी ओढणीचं टोक दातांत धरलं होतं.

कडूबाई बसून राहिल्या. किती वेळ बसायचं ते सासूनं शिकवलं होतं: समोरच्या बाभळीचे काटे दिसू लागेपर्यंत. आधी त्यांचा पाय सारखा हलत होता, चूल बोलवत असावी. मग पाय थांबला. त्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारला आणि दाराच्या चौकटीला पाठ टेकली.

"रवंथ परत सुरू," मोनिका म्हणाली. "मागचे पाय जरा फाकले. शेपूट सैल. लघवी केली. आणि..." तिचा आवाज चढला, "मॅडम, सडातून थेंब! थेंब पडतोय! अजून कुणी हातपण नाही लावला!"

मॅडमनी माझा दंड एवढा आवळला की वळ उठला.

कडूबाई चूळ भरून उठल्या, बादली घेतली, बसल्या. आणि मग तो आवाज आला. आधी रिकाम्या बादलीच्या तळावर खणखणीत, मग हळूहळू दाट, फेसाळ. ओसरीतून द्वारकाबाई ओरडल्या, "आली! आली गं! मला ऐकू येतीय!"

बादली अर्धी झाली, तिच्याही वर गेली. शिवराजनं फोन काढला आणि कुणाला लावायचा ते न सुचल्यानं परत खिशात ठेवला. सांडूभाऊंनी खांद्यावरचं दावं काढून खुंटीला अडकवलं, धुतलेला सदरा काढून घडी घातली आणि पहिला पेला भरून आईला नेऊन दिला.

आम्ही टाळ्या वाजवणार तेवढ्यात मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला.

"गाढव आहे मी!"

"काय झालं, मॅडम?"

"दोन गोष्टी एकदम बदलल्या! डबीही वाजवली आणि त्या बसूनही राहिल्या. आता कसं कळणार, चंद्रीला पान्हा कशामुळं फुटला? डबीच्या आवाजामुळं, की घाईघाईनं कुणी अंगाशी आलं नाही म्हणून?"

हे खरं तर त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं: एका वेळी एकच गोष्ट बदला. मला ते पटायचंही, मशीन बिघडलं की आम्ही तेच करतो. पण म्हैस बाजारात जाणार असताना ते कुणाला आठवणार? त्यांनाही आठवलं नाही, आणि ते त्यांनी तिथंच, सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

पंधरवड्यानं शिवराज सांगत आला की दूध पूर्ववत झालंय. मॅडमना राहवेना. रविवारी त्या वस्तीवर पोचल्या आणि कडूबाईंना विनंती करू लागल्या. फक्त एक सकाळ डबी वाजवून लगेच धारेला बसा. किंवा उलटं करा, डबी न वाजवता नुसत्या दगडावर बसा. एकच सकाळ.

"ते पहिलं तर नाय जमायचं, मॅडम," कडूबाई म्हणाल्या.

"का हो?"

"आख्ख्या दिवसात तेवढंच बसणं हाये माझं. कुणी हाक मारत नाय. हे बी चूल पेटवून ठेवतेत आता. म्हशीनं मिळवून दिलंय, ते मी कशाला सोडू?"

मॅडम म्हणाल्या, "बरं, मग दुसरं? बसा, पण डबी नको."

"आन नाय आली धार तर? परत हे दावं घेऊन उभे राहतील. एवढं मोठं शिकल्या तुम्ही, पण लागलेलं मोडायचं नाय, एवढं ऐका माझं."

मॅडमनी ऐकलं. चंद्री ही प्रयोगाची म्हैस नाही, त्या घराची आहे, हे त्या आता प्रत्येक नव्या वर्गाला सांगतात. सांगतात, आणि मग गोणपाटावरच्या तपकिरी कुत्रीशेजारी मांडी घालून बसतात, हनुवटी तळव्यावर टेकवतात. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरी अशीच एखादी म्हैस असेल, या आशेनं एकेकाच्या चेहऱ्याकडं बघतात, आणि विचारतात: त्या सकाळी डबी वाजवलीच नसती, आणि कडूबाई नुसत्या दगडावर निवांत बसून राहिल्या असत्या, तर चंद्रीला पान्हा फुटला असता का?